मोडतोड नोंदवही

(१९९६ च्या दहावीच्या बॅचचा स्नेहमेळावा आणि शाळेचा वार्षिक गुणगौरव व निवृत्ती सत्कार समारंभ यंदा एकाच दिवशी झाला. त्या वेळी केलेलं भाषण.)

व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्यासमोर खुर्चीत बसायची अजूनही हिंमत होत नाही असे आमचे आजी-माजी शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, आमच्या बॅचची मंडळी, आणि तासाभरापासून मांडी घालून बसलेल्या मुलामुलींनो,

मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “पाच मिनिटं बोला, यशाबद्दल.” मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाम फुटला. कारण यशाबद्दल बोलायचं तर या सभागृहातला हा फलक माझ्याकडे बघतोय. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत प्रत्येक वर्षी दहावीत पहिल्या आलेल्याचं नाव. १९९६ समोर जे नाव आहे ते माझं नाही. ते नाव असलेला गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ता हसतोय. मी तिसरी आले होते. फलकावर तिसऱ्या नंबराला जागा नसते. तेव्हा आपण इथे कुठल्या नात्याने बोलायचं, हा प्रश्न मला आठवडाभर पडला होता. सांगते पुढे.

आज २७ मुलांना बक्षिसं आहेत आणि तीन जणांना निरोप. बक्षिसांची यादी वाचताना मजा वाटली. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची, पुढे ती पाचवीला आणि आठवीला गेली होती. आमच्या वेळी जूनमध्ये बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. दुसऱ्या दिवशी पेपरात पेढा भरवतानाचे फोटो. यादीत आलेला मुलगा कॅमेऱ्याकडे बघतोय आणि त्याची आई पेढ्याकडे. पुढे मंडळाने ती यादी बंद केली. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं. त्यामुळे आमच्या वर्गातल्या कुणी आपल्या मुलांना “आम्हाला ब्याऐंशी टक्के होते, पण तेव्हाचे ब्याऐंशी” असं ऐकवत असेल, तर ते आता थांबवावं. मुलांना हे पाठ झालंय. माझ्या मुलीला तर माझ्या आवाजासकट झालंय.

या यादीतलं मला सर्वांत आवडलेलं बक्षीस शेवटचं आहे: शंभर टक्के उपस्थिती. सातवीतली मुलगी आहे, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून येते, घरी आई विड्या वळते. आपल्या गावात नळाला पाणी कधी येईल हे पंचांग बघूनही सांगता येत नाही. पाणी आलं की घरातली पोरगी शाळा सोडून घागरी भरायला थांबते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. काहींनी केलंय. त्यात ही मुलगी वर्षभरात एकदाही चुकली नाही. तिच्यासाठी टाळ्या जरा जोरात वाजवा. मघाशी कमी वाजल्या.

आता निरोपाचं. इंग्रजीच्या बाई जून १९९३ मध्ये शाळेत आल्या. आम्ही आठवीत होतो. नवीन बाई आल्या की वर्ग त्यांची परीक्षा घेतो, तशी आम्ही घेतच होतो. तीन महिने त्यांना फळ्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं. मग ३० सप्टेंबर उजाडला. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, सगळं गाव दमून झोपलेलं, आणि पहाटे चारच्या सुमारास भांडी मांडणीवरून खाली आली. आम्ही अंगणात आलो, आई भिंतीला हात लावून बघत होती. सकाळी रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं आली. मेलेल्यांचा आकडा पुढे साडेसात हजारांच्या वर गेला. तुळजापूर रस्त्याने जखमींना घेऊन गाड्या आपल्या सिव्हिलकडे येत होत्या.

शाळा उघडल्यावर बाईंनी काय केलं, तर पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, “तुमच्या घरी कडक भाकरी करतात?” त्या बाहेरगावच्या, त्यांना कडक भाकरी नवीन होती. महिनाभर टिकते हे त्यांनी इथेच ऐकलं होतं. दोन दिवसांत आमच्या एका वर्गातून सहा पोती भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुड्या जमल्या. पोती शिवली बाईंनी, स्वतः दाभण घेऊन. त्यांना दाभण धरता येत नव्हतं, बोटातून रक्त आलं. त्यानंतर त्यांना फळ्याकडे तोंड करून लिहायला कुणी अडवलं नाही. बाई, तुम्ही ३३ वर्षं इंग्रजी शिकवलंत, मी त्याच भाषेत रोज काम करते, पण आमच्या वर्गाला तुम्ही आठवता त्या दाभणामुळे. रागावू नका.

कार्यालयातल्या भाऊसाहेबांबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण त्यांनी मला तशी ताकीद दिली आहे. आमच्यापैकी निदान दहा जणांच्या जन्मतारखा, आडनावं आणि जातीचे दाखले त्यांच्यामुळे सरळ आहेत. ज्यांचे नव्हते त्यांना पासपोर्ट काढताना कळलं.

आणि मामा.

मामा १९९० साली लागले. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि शिपाई ६० व्या. म्हणजे सरकारच्या हिशेबानेसुद्धा मामा दोन वर्षं जास्त लागतात. ३६ वर्षं. सकाळची घंटा मामांची. प्रयोगशाळेची किल्ली मामांकडे. आणि हा फलक, ज्याच्याकडे मी पहिल्या मिनिटापासून बघतेय, त्यावरची १९९० पासूनची सगळी नावं मामांच्या हातची आहेत. शाळेत लागण्याआधी ते एका बोर्ड पेंटरच्या हाताखाली काम करायचे. जरा जवळ जाऊन बघा, ‘श’ची गाठ सगळीकडे सारखी आहे.

दहावीत असताना २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला लागला. हे आताच्या मुलांना थापा वाटतील, पण खरंच. देशभर, आणि परदेशातल्या देवळांतही. नव्या पेठेपर्यंत रांगा, दुधाचा भाव भडकलेला, आमचा अर्धा वर्ग गैरहजर. आमचे विज्ञानाचे सर संतापले होते. दुपारी त्यांनी उरलेल्या वर्गाला प्रयोगशाळेत नेलं आणि मामांना तयारी करायला सांगितली. मामांनी मातीचा एक बैल आणला, पोळ्यातला. दुधात लाल शाई टाकली. चमचा बैलाच्या तोंडाला टेकवला आणि किंचित कलता केला. चमच्यातलं दूध कमी होत गेलं. बैल दूध पीत होता! मग सरांनी बैलाची मान दाखवली. तोंडापासून पोटापर्यंत लाल ओघळ. पृष्ठताण दुधाला चमच्यातून बाहेर ओढतो आणि ते पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली उतरतं, पांढऱ्या दुधात ते दिसत नाही, एवढंच. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं, असं नंतर पेपरात आलं. आम्ही म्हटलं, आमच्या मामांनी आधी दाखवलंय.

यातली खरी गंमत नंतर कळली. मामा स्वतः सकाळी साडेपाचला रांगेत उभं राहून गणपतीला दूध पाजून आले होते. आम्ही विचारलं, “मग मामा, खरं काय?” मामा म्हणाले, “सकाळी केलं ते भक्तीचं. दुपारचं नोकरीचं. दोन्हीत दूध सांडू द्यायचं नाही.”

आता मुद्द्यावर येते. हे बोलायला मला तीस वर्षं लागली आहेत, त्यामुळे दोन मिनिटं जास्त घेते.

निर्वातातून आवाज जात नाही हा प्रयोग तुम्हाला माहीत आहे. काचेची मोठी हंडी, सर तिला बेल जार म्हणायचे. आत विजेची घंटा टांगलेली. पंपाने हवा काढत गेलं की घंटेचा टोला हलताना दिसतो, पण आवाज बारीक होत जातो. नववीत सरांनी हा प्रयोग दाखवला आणि मी वेडी झाले. मला तो पुन्हा बघायचा होता, स्वतः करून. मधल्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण प्रयोगशाळेत शिरलो. ती मैत्रीण आज इथे आहे, तिची परवानगी घेऊनच सांगतेय. मामा डबा खायला गेले होते, कुलूप नुसतं अडकवलेलं. आम्ही हंडी उचलली. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून तिच्या काठाला ग्रीस लावलेलं असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. ती माझ्या हातातून साबणासारखी सटकली.

आम्ही पळालो. पुढचे दोन दिवस मला ताप होता, खरा. तिसऱ्या दिवशी शाळेत आले तेव्हा कुणी काहीच बोललं नाही. सर बोलले नाहीत, मामा बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, कळलंच नाही कुणाला. नववी संपली, दहावी झाली. मी इथेच वालचंदला इंजिनीअरिंग केलं, पुण्याला गेले, नोकरी, संसार. त्या हंडीची आठवण वर्षातून एकदोनदा यायची आणि मी ती बाजूला सारायची.

डिसेंबरात या स्नेहमेळाव्याच्या तयारीसाठी आम्ही चौघी शाळेत आलो. मामा प्रयोगशाळेचा चार्ज द्यायची तयारी करत होते. टेबलावर सगळ्या वह्या काढलेल्या: डेड स्टॉक रजिस्टर, रसायनांची वही आणि एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची मोडतोड नोंदवही. मी सहज चाळायला घेतली. परीक्षानळी, परीक्षानळी, चंचुपात्र, थर्मामीटर. मग १९९५ चा जानेवारी. ‘काचेची हंडी (मोठी), नग १. साफ करताना हातून निसटली.’ खाली मामांची सही. पुढच्या रकान्यात लाल शाईने: ‘रु. १८० वसूल.’

माझ्या क्षेत्रात एखादी यंत्रणा कोसळली की आम्ही पहिल्यांदा नोंदी बघतो. कुठल्या मिनिटाला काय झालं, कुणी काय बदललं. नोंद खोटं बोलत नाही, असं मी नव्या मुलांना शिकवते. ती नोंद शंभर टक्के खोटी होती. आणि चौथ्या वेतन आयोगात शिपायाची श्रेणी साडेसातशे रुपये मूळ पगारापासून सुरू व्हायची. त्यातले एकशे ऐंशी.

मी म्हटलं, “मामा, ही हंडी...” मामा कपाट पुसत होते. वळले नाहीत. म्हणाले, “तुमची एक चप्पल राहिली होती ना ओ ताई. संध्याकाळी दारापाशी ठेवली मी.”

चप्पल मला आठवत होती. ती दाराशी कुणी ठेवली हा विचार तीस वर्षांत एकदाही मनात आला नव्हता. आणि मामा मला ‘ओ ताई’ म्हणत होते, ‘तुम्ही’ म्हणत होते, हे त्या क्षणी फार लागलं. पूर्वी ‘काय गं पोरी’ म्हणायचे.

मी विचारलं, सरांना का नाही सांगितलं? तर म्हणाले, सर रागाने वर्गच बंद करून टाकतील प्रयोगशाळेचा, मग पोरं कुठं बघणार? एवढंच. पुढे बोलायला तयार नव्हते, कारण एका ब्युरेटचा हिशेब लागत नव्हता.

आता यशाबद्दल. आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात गाजलेलं यश कुठलं, तर परितेवाडीचं. माढा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं, दहा लाख डॉलर. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे त्यांचं काम आहे. त्यांना आधी माझ्याच क्षेत्रात यायचं होतं, ते इंजिनीअरिंग सोडून शिक्षक झाले. आमच्या क्षेत्राचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. त्या रात्री पुण्यात आम्ही सोलापूरकरांनी एकमेकांना इतके फोन केले की जणू आमच्या घरातच लग्न होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी, ११ डिसेंबर २०२० ला, एक शासन निर्णय निघाला. त्याच्यासाठी कुणी कुणाला फोन केला नाही. खासगी अनुदानित शाळांमधल्या शिपायांची पदं, सध्याचा माणूस निवृत्त झाला की संपतील. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळेल. आपल्यासारख्या महापालिका क्षेत्रात महिना साडेसात हजार. या शाळेत आमच्या वेळी चार मामा होते. आज निवृत्त होताहेत ते शेवटचे कायम मामा. उद्या त्यांच्या जागी कुणी ‘लागणार’ नाही. कुणीतरी येईल, बरं काम मिळालं की जाईल. किल्ली कुणाकडे राहील हे आज मुख्याध्यापकही सांगू शकत नाहीत. सरकारचीही काही गणितं असतील, मी ती नाकारत नाही. पण साडेसात हजारांत छत्तीस वर्षं थांबणारा माणूस मिळत नाही, हे गणित मलाही येतं.

आमच्या बॅचने शाळेला भेट म्हणून स्मार्ट बोर्ड द्यायचं ठरवलं होतं. पैसे जमत आले होते. मी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की बोर्ड राहू दे, प्रयोगशाळेला माणूस देऊ. चार दिवस भांडण झालं. एकाने विचारलं, सरकारचं काम आपण का करायचं? आज आपण भरलं तर उद्या सरकार म्हणेल, बघा, चालतंय की. तो बरोबर बोलत होता आणि अजूनही बरोबर आहे. दुसरीने विचारलं, तीन वर्षांनी काय? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण शेवटी ठरलं: भत्त्याच्या साडेसात हजारांवर आम्ही महिना साडेसात हजार घालणार, छत्तीस महिने. दोन लाख सत्तर हजार. पैसे शाळेच्या खात्यावर आजच जमा झालेत. ज्याचा विरोध होता त्याने सर्वांत जास्त दिलेत, आणि सोबत शिक्षण खात्याला लिहायच्या पत्राचा मसुदाही. बाहेर टेबलावर तो ठेवलाय. वाचून, पटला तर सही करा.

दुसरं म्हणजे, मुख्याध्यापकांनी या फलकाच्या शेजारची भिंत दिली आहे. तिथे दुसरा फलक लागेल. पंचवीस वर्षांहून जास्त सेवा केलेल्या सगळ्यांची नावं, शिक्षक आणि शिक्षकेतर, एकाच यादीत, लागले त्या वर्षाच्या क्रमाने. भाऊसाहेबांनी जुन्या मस्टरवरून यादी काढून दिलीय. रंगवणार कोण, हा प्रश्न आला. मामा म्हणाले, मी रंगवतो, पण माझं नाव मी लिहिणार नाही, ते बरं दिसत नाही. तेव्हा मामांचं नाव चित्रकलेचा वर्ग लिहील. मामांनी त्यांना ‘श’ शिकवून ठेवलाय.

राहिले एकशे ऐंशी रुपये. मी पाकिटात घालून आणले होते, व्याजासकट. मामांनी घेतले नाहीत. मग म्हटलं, निदान त्या नोंदीखाली मी खरं काय ते लिहून सही करते. मामा ओरडले, “वहीला हात लावायचा नाही! ऑडिट झालंय तिचं.”

म्हणून मी आणि माझ्या मैत्रिणीने नवीन हंडी आणली आहे. ती त्या खोक्यात, पेंढ्यात आहे. मामांनी कालच ती डेड स्टॉक रजिस्टरला चढवली, ‘देणगी’ म्हणून, निवृत्तीआधीची त्यांची शेवटची नोंद. समारंभानंतर प्रयोगशाळेत तिचा पहिला प्रयोग होईल, मामाच करतील. सगळ्यांनी यावं. पण मामांनी निरोप दिलाय की कुणीही खोक्याला हात लावू नये, काठाला ग्रीस आहे. पाचवी-सहावीच्या मुलांनी तर नाहीच, आणि १९९६ च्या बॅचनेही नाही.